४के कॅमेरा असूनही चेंडू का पुसला जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टेनिस बॉलची रात्रीची स्पर्धा झाली. फायनल एका भारी फोनवरून ४के, ६० फ्रेमवर लाइव्ह दाखवली. तरी चेंडू दिसेना, लाइट लुकलुकत होते आणि कॅमेरा फिरवला की चित्राचे चौकोन पडत होते. टीव्हीवर मात्र साध्या एचडीत चेंडूची शिवण मोजता येते, आणि तिथे म्हणे २५च फ्रेम असतात. तर पुढच्या वर्षी वर्गणीतून १२० फ्रेमचा कॅमेरा घ्यावा का?

घेऊ नका. निदान आधी लाइटवाल्याशी बोला, मग कॅमेऱ्याचं बघू.

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. लग्नाच्या कॅसेटींपासून सुरुवात केली, मग ओबी व्हॅनवर (मैदानावरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी) केबल ओढल्या, कॅमेरा केला, सीसीयूवर (कॅमेऱ्याचा रंग-उजेड सांभाळणारं पॅनेल) बसलो. आता स्वतःचा तीन कॅमेऱ्यांचा सेट घेऊन निफाड-सिन्नरपासून सिडकोपर्यंत कबड्डी आणि क्रिकेट करतो. या सगळ्या काळात लोकांनी सर्वात जास्त वेळा विचारलेला प्रश्न 'किती फ्रेमचा कॅमेरा आहे?' हाच. शटर किती ठेवलंय हे आजवर एकाही आयोजकाने विचारलेलं नाही. खरी मेख तिथेच आहे.

फ्रेम रेट म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदात किती वेळा बघितलं. शटर म्हणजे दर वेळी बघताना डोळा किती वेळ उघडा ठेवला. चेंडू पुसला जातो तो डोळा उघडा असतानाच. तुमचा बोलर ताशी १०० किलोमीटरने टाकतो असं धरू. म्हणजे चेंडू सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो. अंधारात फोन स्वतःच शटर ठरवतो आणि ६० फ्रेमवर तो बहुधा १/६० वर जाऊन बसतो, कारण त्याहून जास्त वेळ त्याला मिळूच शकत नाही. तेवढ्या वेळात चेंडू ४६ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. चेंडूची रुंदी साडेसहा सेंटीमीटर. म्हणजे बाजूने पाहिलं तर प्रत्येक फ्रेममध्ये सात चेंडू एकापुढे एक ठेवून त्यावर बोट फिरवल्यासारखा पट्टा उमटतो. तोही फिकट, कारण चेंडू त्यातल्या कुठल्याच जागी पुरेसा थांबलेला नाही. आता १/५०० करा, पट्टा साडेपाच सेंटीमीटरवर येतो. १/१००० केलं तर तीनच्याही आत. फ्रेम तेवढ्याच आहेत, ४के आहे की एचडी याने काही फरक पडलेला नाही, आणि चेंडू दिसायला लागला.

१२० फ्रेमच्या कॅमेऱ्याने काय होईल? शटर नाइलाजाने १/१२० वर येईल, पट्टा २३ सेंटीमीटरचा होईल आणि प्रत्येक फ्रेमला प्रकाश निम्मा मिळेल. एवढ्यासाठी लाखभर रुपये घालवायचे नाहीत.

आता टीव्हीवर दिसणाऱ्या शिवणीबद्दल. पुढची मॅच बघताना बोलरने चेंडू सोडल्यावर लाइव्ह चित्र थांबवून बघा, रिप्ले नको. तिथेही चेंडू लांबट, पांढरा डागच दिसतो. तुम्हाला आठवते ती शिवण रिप्लेतली असते. ते चित्र वेगळ्या कॅमेऱ्याचं असतं, सेकंदाला दीडशे, तीनशे, कधी हजारावर फ्रेम टिपणाऱ्या. आता गंमत बघा. जो कॅमेरा सेकंदाला ३०० फ्रेम घेतो, त्याचा डोळा १/३०० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडा राहूच शकत नाही. म्हणजे जास्त फ्रेम घेतल्यामुळे चाल संथ दिसते, पण शिवण स्वच्छ दिसते ती छोट्या शटरमुळे. दोन्ही गोष्टी एकाच कॅमेऱ्यात घडतात, म्हणून लोक श्रेय फ्रेमला देऊन टाकतात.

आणि टीव्ही २५ फ्रेमवर चालतो हे अर्धंच खरं आहे. आपल्याकडचे एचडी चॅनेल १०८०आय५० या पद्धतीने येतात. त्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात: एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, प्रत्येकी ५४०. कागदावर जोड्या लावून २५ फ्रेम म्हणतात, पण क्षण ५० वेगवेगळे टिपलेले असतात. म्हणून पळणारा फिल्डर टीव्हीवर सरळ पळतो आणि २५ किंवा ३० फ्रेमवर घेतलेल्या व्हिडिओत टप्प्याटप्प्याने उडतो. ही युक्ती जुनी आहे. ६२५ ओळींच्या पॅल टीव्हीतही हेच होतं, हवेतून पाठवायची माहिती निम्मी करायची आणि चाल मात्र पूर्ण ठेवायची. अडचण एवढीच की दोन अर्धी चित्रं चुकीच्या पद्धतीने जोडली, की पळणाऱ्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. तुमच्या मंडळाने जुन्या हँडीकॅमचे व्हिडिओ यूट्यूबवर चढवले असतील तर ते दात तुम्ही पाहिले असतीलच. तुम्हाला या भानगडीत पडायचं कारण नाही. सरळ ५०पी वर, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण चित्रांवर चित्रण करा.

५०च का, ६० का नाही, हे सांगताना मला एकलहऱ्याला जावं लागतं. तिथल्या वीज केंद्राच्या जनित्राचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातली वीज त्यामुळे ५० हर्ट्‌झची. एका आवर्तनात वीज दोनदा शिखरावर जाते, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. ५० फ्रेमवर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर दोन झपके येतात आणि चित्र स्थिर राहतं. ६० फ्रेमवर तीन फ्रेममध्ये पाच झपके वाटले जातात. म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी, आणि ही वाटणी सेकंदाला २० वेळा फिरते. तुमचे लाइट लुकलुकत नव्हते, तुमची फ्रेम त्यांच्याशी जमत नव्हती. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ वीज आहे, तिकडचा टीव्ही ५९.९४ वर चालतो, आणि बरेच फोन त्याच हिशेबाने सेट होऊन येतात. फोनमध्ये आणि कॅमेऱ्यात पॅल किंवा ५० हर्ट्‌झ असा पर्याय शोधा. काही फोनच्या मूळ ॲपमध्ये ५० फ्रेम मिळतच नाही, तेव्हा वेगळं कॅमेरा ॲप टाकावं लागतं.

सहा-सात वर्षांपूर्वी सिडकोत एका रात्रीच्या सामन्यात हे मी स्वतः भोगलंय. ५० फ्रेम, शटर १/५००, सगळं झकास चाललं होतं. अकराव्या षटकात लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, टाळ्या पडल्या, खेळ पुढे चालू. आणि माझ्या मॉनिटरवर अख्खं मैदान श्वास घ्यायला लागलं. उजळतंय, मंदावतंय, उजळतंय. सेकंदाला दोनदा. आधी वाटलं कॅमेऱ्याचा आयरिस (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) गेला. पोराला वर पाठवून केबल बदलायला लावली. मग डोक्यात प्रकाश पडला. महावितरणची वीज ५० च्या आसपास अगदी थोडी हलते, त्या डिझेल जनरेटरची मात्र ५१ वर गेली होती. म्हणजे दिव्याचे झपके १०२, माझ्या फ्रेमच्या हिशेबाने हवेत १००. उरलेले दोन पडद्यावर दिसत होते. शटर १/१०० केलं, आणि श्वास थांबला. कारण १/१०० सेकंदात दिव्याचा जवळपास एक पूर्ण झपका मावतो, तो कुठून का सुरू होईना. चेंडू थोडा पुसट झाला ते चालवून घेतलं.

म्हणून साध्या हॅलोजन-मेटललाइटखाली किंवा स्वस्त ड्रायव्हरच्या (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) एलईडीखाली माझा पहिला आकडा ५० फ्रेम, शटर १/१०० हाच असतो. त्यावर चेंडूचा पट्टा २८ सेंटीमीटरचा पडतो, १/६० पेक्षा बराच बरा. याहून वर जायचं तर आधी दिवे तपासायचे. तपासणी फुकट आहे: फोनवर २४० फ्रेमचा स्लो-मो लावून प्रत्येक खांबाकडे पाच सेकंद बघा. चांगला ड्रायव्हर असलेला एलईडी स्थिर दिसतो, बाकीचे धडधडतात. धडधडणाऱ्यांवर एक जुना इलाज आहे. इलेक्ट्रिशियनला सांगून शेजारशेजारचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, आर, वाय, बी. एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो आणि पिचवर तिघांचा प्रकाश एकत्र पडल्यामुळे लुकलुक बरीच मिटते. ही वायरिंग जाणकार माणसाकडूनच करून घ्या, मैदानावरच्या हौशी कार्यकर्त्याकडून नको.

मग येतो प्रकाश. १/६० वरून १/५०० वर गेलात की कॅमेऱ्याला मिळणारा प्रकाश आठवा हिस्सा उरतो. तो भरून काढायला गेन, म्हणजे कॅमेऱ्यातच चित्र उजळवणं, १८ डीबी वाढवावा लागतो, कारण दर ६ डीबीला चित्र दुप्पट उजळ होतं. १८ डीबीवर साध्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे रवा पेरल्यासारखं. आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर हजार-दीड हजार लक्सच्या (प्रकाश मोजायचं माप) पुढे प्रकाश असतो. आपल्या गल्लीतल्या स्पर्धांत माझ्या मीटरने बहुतेक वेळा दीडशे दाखवलेत, तेही पिचवर. बाउंड्रीजवळ चाळीस. टीव्हीवालं चित्र नितळ दिसतं त्यात कॅमेऱ्याची करामत आहेच, पण अर्ध्याहून जास्त काम खांबावरच्या दिव्यांनी केलेलं असतं.

फोन याच्यापुढे एक आगाऊपणा करतो. रवा लपवायला तो आधीच्या-नंतरच्या फ्रेम एकमेकांत मिसळतो. एका जागी उभ्या असलेल्या अंपायरला त्याचा फायदा होतो. पण अंधारात सर्रकन जाणारा छोटा पिवळा ठिपका त्याला रव्याचाच दाणा वाटतो आणि तो पुसून टाकतो. तुमच्या व्हिडिओत चेंडू मधेच गायब होऊन कीपरच्या हातात उगवतो असं असेल, तर हेच झालंय.

तर १२० फ्रेमच्या कॅमेऱ्याचे पैसे दिव्यांवर घाला. आणि दिवे भाड्याने वाढवणं जमत नसेल तर आहेत ते फिरवा. बाउंड्रीबाहेर पार्किंग उजळणारे दोन-तीन फ्लड प्रत्येक मैदानावर सापडतातच. बोलरच्या पाठीमागे आणि समोरच्या टोकाला गडद निळं किंवा काळं कापड ताणा. दिवस-रात्रीच्या पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात साइट स्क्रीन काळी असते ती याच कारणासाठी. पिवळाजर्द टेनिस बॉल काळ्या कापडापुढे २८ सेंटीमीटरचा पट्टा झाला तरी दिसतो. भेळेच्या गाडीच्या ट्यूबलाइटपुढे १/१००० वरचाही दिसत नाही.

कॅमेरा कुठे ठेवला होता तेही तुम्ही सांगितलं नाहीत, पण फोन होता म्हणजे मिडविकेटच्या बाजूला टेबलावर ट्रायपॉड असणार असा माझा अंदाज. तिथून चेंडू पडद्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे जातो, म्हणजे पुसला जायला सर्वात सोयीची जागा. गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना असेल तेव्हा जाऊन बघा, मुख्य कॅमेरा बोलरच्या बरोबर मागे, सरळ रेषेत आणि उंचावर असतो. तिथून चेंडू कॅमेऱ्यापासून लांब जातो, पडद्यावर मात्र तो फारसा हलत नाही. तेवढाच वेग, तेवढंच शटर, पण पट्टा फार छोटा. मंडपवाल्याकडून पंधरा-वीस फुटी मचाण बांधून घ्या. माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वात वसूल होणारा खर्च हा. मचाण मात्र कॅमेरामनच्या पायाखाली हलता कामा नये, नाहीतर झूम केल्यावर प्रत्येक पावलाला भूकंप होतो.

चौकोन पडले त्याचा फ्रेमशी काही संबंध नाही, तो बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला जाणाऱ्या माहितीचा दुष्काळ. ४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, आणि फुल एचडी म्हणजे ७२०पी या छोट्या एचडीच्या सव्वादोन पट. मैदानावर हजार माणसं फोन घेऊन उभी असताना एका सिमवर चार-पाच एमबीपीएस अपलोड मिळालं तरी नशीब. एवढ्याशा नळातून ४के सोडायला गेलात की एन्कोडर (चित्र दाबून छोटं करणारा भाग) कॅमेरा स्थिर असेपर्यंत कसंबसं भागवतो, आणि कॅमेरा फिरला, सगळे ठिपके एकदम हलले, की हात टेकतो. वरून गेनचा रवा. रवा दर फ्रेमला वेगळा असतो, एन्कोडर बिचारा त्यालाही नवीन माहिती समजून बिट वाया घालवतो. चार एमबीपीएस असतील तर मी डोळे झाकून ७२०पी५० निवडतो. १०८०पी२५ निवडत नाही. खेळात चाल आधी, बारकावा नंतर. अमेरिकेत ईएसपीएन आणि फॉक्ससारख्या चॅनेलांनी एचडी सुरू करताना ७२०पी निवडलं तेही याच विचाराने. चाचणी संध्याकाळी रिकाम्या मैदानावर करू नका, कारण तेव्हा नेटवर्क मोकळं असतं. जमलं तर जवळच्या घरातून फायबरची लाइन ओढा, सिम फक्त हाताशी ठेवा. एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे: मे महिन्यातलं उघडं, मातीचं मैदान एन्कोडरला हिरवळीपेक्षा सोपं जातं.

रन-आउटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या विचाराल. १९९२ मध्ये दरबानला सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाच्या निर्णयावर बाद झालेला पहिला फलंदाज ठरला. तेव्हापासून गल्लीतल्या कप्तानालाही रिप्ले हवा असतो. पळणारा फलंदाज सेकंदाला सात मीटर जातो असं धरा. २५ फ्रेमवर दोन चित्रांच्या मधे तो २८ सेंटीमीटर सरकलेला असतो, ५० वर १४. बेल उडाली ती पहिल्या चित्रानंतर की दुसऱ्याच्या आधी, यावर मग भांडणं. इथे फ्रेम रेट खरोखर कामाचा आहे. २४० फ्रेमवर ते अंतर तीन सेंटीमीटर होतं. त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही, स्लो-मो असलेला कुणाचा तरी जुना फोन क्रीजच्या अगदी रेषेत, बाउंड्रीबाहेर खांबाला बांधा. रेषेत म्हणजे रेषेतच. फूटभर तिरका असला तर फ्रेम हजार असल्या तरी बॅट रेषेच्या आत की बाहेर ते सांगता येणार नाही. चित्र लुकलुकेल, लुकलुकू द्या. ते अंपायरला दाखवायचंय, प्रेक्षकांना नाही.

काकांच्या नव्या मोठ्या टीव्हीवर डीटीएचची मॅच जुन्या डब्यापेक्षा पुसट वाटते, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. काका चूक नाहीत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं, त्याच स्पर्धेत आपल्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, आणि नाशिकमधल्या बहुतेक घरांनी ती धाव काचेच्या जुन्या टीव्हीवरच पाहिली असणार. त्या टीव्हीत प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा. आताचा एलसीडी किंवा ओएलईडी पडदा एक चित्र पूर्ण १/५० सेकंद धरून ठेवतो. डोळा धावणाऱ्याच्या मागे सरकत असतो, चित्र जागेवर थांबलेलं असतं, आणि कडा डोळ्यातच पुसली जाते. कॅमेऱ्याचा त्यात दोष नाही. त्यावर उपाय म्हणून कंपन्या मोशनफ्लो, ट्रूमोशन अशा नावांनी मधली चित्रं बनवून घुसवतात. क्रिकेटमध्ये ती जास्त चढवली तर चेंडूचे दोन होतात किंवा बॅटजवळ तो विरघळतो. एकदम खालच्या पायरीवर ठेवा, शार्पनेस निम्म्याच्या खाली आणा, स्पोर्ट्स मोड बंद करा. तो मोड गवताला फक्त जास्त हिरवं करतो.

तुमच्या तारखा ठरल्या की एक काम करा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सगळे दिवे लावून, जनरेटरवर टाकून, कुणाकडून तरी दोन षटकं टाकून घ्या. एक षटक १/१०० वर, एक १/५०० वर. दोन्ही क्लिप फोनच्या पडद्यावर नको, मोठ्या टीव्हीवर बघा. १/५०० वर रवा सहन होत असेल आणि मैदान श्वास घेत नसेल तर तोच आकडा ठेवा. नाहीतर १/१०० आणि काळं कापड. जनरेटरवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मीटरचा काटा ५० वर आणून दे, सामना चालू असताना तो चहाला गेलेला असतो.